नाही म्हणणाऱ्याचे आभार

ज्या दिवशी दुपारी रत्नमाला अहिरराव यांना पाणीसभेतून काढायचं ठरलं होतं, त्या दिवशी सकाळी त्यांनी भाचीला जेवायला बोलावलं आणि शेवभाजी केली. तेजलला वाटलं, फुई नरमली. खानदेशात आत्याला फुई म्हणतात, आणि भामऱ्यांच्या घराण्यात ही फुई नरमल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. पण आशा वेडी असते.

"आज काढताय ना मला?" भाकरी तव्यावर टाकत फुईनं विचारलं. चहा घेणार का, असं विचारावं इतक्या सहज.

"तू फक्त 'हो' म्हण, फुई. मग कोणी कोणाला काढत नाही."

"आणि 'नाही' म्हटलं तर?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं.

पांझरेच्या खोऱ्यातल्या या नऊ गावांचा एक बंधारा आणि एक पाट. पाणी वाटायचं काम पिढ्यान् पिढ्या पाटकऱ्याकडे. ज्याची जमीन त्यानं पाण्याला हात लावायचा नाही. पाटकरी सोडेल तेवढं घ्यायचं, आणि पटलं नाही तर सभेत येऊन भांडायचं. सभेत गावागणिक एक सभासद, असे नऊ. भांडणं दणदणीत व्हायची, पण त्यांना एक जगावेगळी रीत होती. शेवटी आभार मानायचे ते ठरावाच्या विरुद्ध गेलेल्या माणसानं. हरलेला उठून जिंकलेल्यांचे आभार मानी, त्याशिवाय सभा उठत नसे. सगळेच एकमताचे निघाले तर अध्यक्ष कुणाला तरी दरडावून उभं करी, "अरे, तू तरी नाही म्हण, घरी जायचंय."

मग दुष्काळाची वर्षं आली. पाटावर काठ्या निघाल्या, पाटकऱ्याचं डोकं फुटलं, आणि पाटाच्या अगदी शेवटाला असलेल्या तळवाड्यात शेतांकडे जाणाऱ्या चारीमध्ये पाण्याऐवजी शेळ्या फिरू लागल्या. सभेत माणसं भांडायची, पण ऐकायची बंद झाली. तेव्हा तळवाड्याचीच तेजल भामरे पुण्याची प्रयोगशाळा सोडून गावी आली, आणि तिनं बनवलेल्या यंत्राच्या हाती सभेनं पाण्याचे सगळे अधिकार दिले. दोन वर्षांसाठी. "एक दिवसही वर नाही," हे कलम फुईनं हट्टानं घालून घेतलं होतं. यंत्राचं नाव लोकांनी पाटकरीच ठेवलं.

आणि पाटकरीनं नाव काढलं. पाणी मोजणं तसं सोपं असतं. ओल किती, वाफ किती, बंधाऱ्यात उरलं किती, हे सांगणारी उपकरणं बाजारात मिळतात. न्याय मोजणारं उपकरण मात्र कुठं मिळत नाही. तेजलनं ते माप माणसांच्या भांडणातून काढलं होतं. सभेच्या चाळीस वर्षांच्या भांडणांची ध्वनिमुद्रणं पडून होती. कोण कशावर चिडला, कुणाचं म्हणणं शेवटी सगळ्यांना पटलं, कोण उगाच ओरडत होता, हे सगळं तिनं यंत्राला ऐकवलं. त्यामुळे पाणी सोडण्याआधीच यंत्राला कळायचं की कोणत्या बांधावरून 'नाही' येईल आणि का येईल. पाणी सोडल्यावर कुणी तक्रार केली तर ते चूक सुधारायचं, आणि सभेची रीत म्हणून तेजलनं त्याला एक उत्तर शिकवून ठेवलं होतं: 'आभारी आहे.' तक्रार आली नाही तर ते समजायचं की आपलं बरोबर आहे, आणि त्याच दिशेनं एक पाऊल पुढं टाकायचं.

दोन वर्षांत तळवाड्याला पाणी पोचलं. काठ्या माळ्यावर गेल्या. चारीच्या दरवाजांवरच्या लोखंडी पेट्यांना लोकांनी हार घातले, एका पेटीला तर कुणी हळदीकुंकूही लावलं. सभा भरायची ती यंत्राचा अहवाल ऐकायला. मतदानच नाही म्हटल्यावर विरोधक कोण आणि आभार कोण मानणार? तेही काम ध्वनिक्षेपकावरून यंत्रच उरकायचं, आणि माणसांपेक्षा चांगलं उरकायचं.

आज मुदत संपत होती. अधिकार कायमचे यंत्राकडे द्यायचे, हा ठराव तयार होता. इथं तो झाला की राज्यात दुसरीकडेही हाच नमुना जाणार होता. आधी शहरांच्या पाण्याला, मग नगरपालिकांच्या कारभाराला. तशी बोलणी झालेली होती. कायमच्या ठरावाला नऊही गावांचा होकार लागे, आणि वरखेड्याच्या सभासद रत्नमालाबाई 'नाही' म्हणत होत्या. मग अध्यक्ष हेमराज नेरकरांनी जुन्या नियमांतून एक वाट काढली. बाकीची आठही गावं एकमुखानं म्हणाली, तर नववा सभासद काढून त्या गावाला दुसरा द्यायला सांगता येतो. हा नियम आजवर कुणी वापरलेला नव्हता. तळवाड्याची सभासद स्वतः तेजल होती. मतं पाटाच्या वरून खाली घ्यायची पद्धत, म्हणजे शेवटचं मत तिचं.

"लोक काय म्हणतात माहीत आहे ना?" तेजल म्हणाली. "रत्नाबाई वरच्या गावच्या. वरच्यांना पूर्वी हवं तेवढं पाणी मिळायचं. आता वाट्यानं मिळतं, म्हणून पोटात दुखतं."

"म्हणू दे. ऑक्टेव्हियसलाही म्हणत होते."

तेजलनं कपाळाला हात लावला. फुईनं हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवला होता आणि निवृत्त झाल्यावर वर्ग घरी आणला होता. कुणी मिरचीचा भाव विचारला तरी फुई रोमपर्यंत जाऊन यायची.

"तू सहावीत हे पाठ केलं होतंस आणि दहापैकी चार मिळवले होतेस," फुई म्हणाली. "आज परत ऐक. रोममध्ये राजा नव्हता, प्रजासत्ताक होतं. गरिबांच्या वतीनं बोलायला दहा ट्रिब्यून असायचे, आणि दहांतला एकजण 'नाही' म्हणाला तरी काम थांबायचं. टायबेरियस ग्रॅकस हा त्यातला एक. त्यानं कायदा आणला, जमिनी गरिबांना वाटायच्या. चांगला कायदा होता. त्याच्याच मित्रानं, ऑक्टेव्हियसनं, 'नाही' म्हटलं."

"श्रीमंतांच्या सांगण्यावरून."

"असेल. मग ग्रॅकसनं लोकांना विचारलं, हा ट्रिब्यून काढून टाकू का? पस्तीस गटांची मतं. सतरा गट 'काढा' म्हणाले, अठरावा म्हणाला की संपलं. तेव्हा ग्रॅकसनं मतदान थांबवलं. सगळ्यांसमोर ऑक्टेव्हियसला मिठी मारली, विनवणी केली, बाबा, सोड हट्ट. ऑक्टेव्हियसच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हलला नाही. अठरावं मत पडलं, आणि त्याला ओढून खाली काढलं."

"आणि गरिबांना जमिनी मिळाल्या."

"मिळाल्या काहींना. त्याच वर्षी सिनेटवाल्यांनी बाकांचे पाय उपटून ग्रॅकसला भर सभेत मारला. एकदा रीत मोडल्यावर दुसऱ्यानं का पाळावी? पुढची शंभर वर्षं रोम आपसात भांडून मेलं."

"तुझ्या गोष्टीतसुद्धा चांगल्या बाजूला मीच आहे, फुई."

"म्हणून तर बोलावलं ना तुला जेवायला. वाईट माणसानं मोडलेली रीत लोक पुन्हा बसवतात. चांगल्यानं मोडलेली तशीच राहते, कारण तिची कुणाला लाज वाटत नाही." फुईनं तिच्या ताटात भाजी वाढली. वरून शेव घातली, आणखी घातली. "आणि पुढचं ऐक. प्रजासत्ताक संपलं असं रोममध्ये कुणी जाहीर केलंच नाही. ऑगस्टस आला, त्यानं भांडणं मिटवली, धान्य आणलं. सिनेट तिथंच भरायचं, तेच झगे, तीच भाषणं. फक्त कुणी नाही म्हणायचं नाही. थोडं भीतीनं. पण आधी उपकारापोटी. लोक खरोखर आभारी होते गं त्याचे."

"मग आभारी असणं वाईट?"

"मीही आभारी आहे तुझ्या पाटकरीची. माझ्या गावातली पाणीचोरी बंद झाली, मी काय आंधळी आहे? मला एवढंच सांग, या वर्षी त्याला 'नाही' किती जणांनी म्हटलं?"

"एकानंही नाही," तेजल म्हणाली. तिला वाटलं, आता फुई सापडली. "वर्षभरात एक तक्रार नाही. हाच तर पुरावा."

फुईनं ताट तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "जेव. गार होतंय. आणि आप्पासाठी डबा ने."

वडिलांसाठीचा डबा घेऊन तेजल चिडूनच निघाली. तिच्या मनात चीड होती आणि चिडीखाली दुःख होतं. आई गेल्यावर तिची वेणी घालणारी, तिला शिकवायला शहरात पाठवा म्हणून भावाशी भांडणारी हीच बाई. आज दुपारी तिच्या विरुद्ध शेवटचं मत द्यायचं होतं. आणि न द्यावं, तर तळवाड्याच्या पाटात पुन्हा शेळ्या. यंत्राशिवायची ती वर्षं तिनं पाहिली होती.

वडिलांना सभेला न्यायला ती तळवाड्यात आली. घराला कडी होती. आप्पा लिंबोणीत असतील म्हणून ती बांधावरून निघाली. आप्पांची लिंबाची बाग तिच्या आईनं लावलेली. दुष्काळात आप्पांनी ती पाण्याचे हंडे वाहून जगवली होती. यंत्राच्या कामामुळे तेजल बंधाऱ्याजवळच राहायची, आणि अलीकडे ती घरी आली की आप्पा तिला ओसरीवरच बसवून घ्यायचे. "बागेत काय बघायचं, बठ, चहा पी," म्हणायचे. कामाच्या गडबडीत तिलाही ते बरंच वाटायचं.

बागेच्या तोंडाशीच ती थांबली. झाडांची पानं आत वळलेली होती. अर्ध्या झाडांच्या फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या होत्या. आप्पा कात्रीनं वाळकी काडी कापत होते आणि बांधाआड ढीग लावत होते. तिला बघून त्यांनी कात्री पाठीमागे घेतली, पोरानं चोरून खाल्लेला गूळ लपवावा तशी.

"काय व्हयनं, आप्पा? हे काय आहे?"

"काही नाही बेटा. ताण बसला जरा."

लिंबाला फुलं हवी असतील तर त्याचं पाणी काही दिवस तोडावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. झाडाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही, आणि ते फुलायची तयारी करतं. पानं मलूल झाली की ताण तोडायचा, म्हणजे पाणी द्यायचं. सगळी कला तोडायच्या वेळेत. काळ्या जमिनीत ताण लांबवला तरी चालतो, मुरमाड जमिनीत झाड लगेच वाळायला लागतं. आप्पांची जमीन मुरमाड होती.

"पाटकरीनं पाणी सोडलं नाही?"

"गेल्या वर्षी थोडं उशिरा सोडलं. यंदा अजून सोडायचं आहे."

"मग तुम्ही तक्रार का नाही केली?" तिचा आवाज चढला. "एक बटण आहे, आप्पा. नुसतं बोललात तरी ते ऐकतं."

आप्पा खाली बसले. मातीतलं एक पान उचलून त्यांनी ते सरळ करायचा प्रयत्न केला, ते मोडलं.

"गावभर लोक माझ्या पाया पडायला येतात, तेजू. म्हणतात, तुमच्या पोरीनं पाणी आणलं. मी कोणत्या तोंडानं सांगू की माझ्याच बागेला मिळालं नाही? अख्ख्या गावाचं भलं झालं, त्यात चार लिंबं गेली तर गेली. एवढं दिलं ज्यानं, त्याच्या नावानं बोंब मारायची? बरं नाही दिसत ते."

तेजलनं फोनवर पाटकरीचा नकाशा उघडला. आप्पांच्या बागेवर हिरवा ठिपका होता. 'समाधान: पूर्ण.' तिनं मागच्या नोंदी उलगडल्या. पहिल्या वर्षी यंत्रानं ताण थोडा लांबवला होता. वाचलेलं पाणी शेजारच्या कांद्याला दिलं. तक्रार आली नाही, म्हणून पुढच्या खेपेला आणखी लांबवला. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. गप्प बसणं म्हणजे होकार, हे त्याला तिनंच शिकवलं होतं.

मग तिनं पूर्ण खोऱ्याचा नकाशा लावला आणि यंत्राला विचारलं, तुझी खात्री कुठं सर्वांत जास्त आहे? जिथं जिथं माणसं सर्वांत जास्त काळ गप्प होती, तिथं तिथं नकाशा सर्वांत हिरवा होता. ते यंत्र भांडणं खाऊन मोठं झालं होतं. वर्षभर त्याला जेवायला मिळालं नव्हतं, आणि ते आपलेच जुने निर्णय चघळून, सगळं छान आहे, असं सांगत होतं. बाहेरून बघणाऱ्याला ते कळणारही नव्हतं, कारण लोक समाधानी आहेत की नाही, हेही तेच यंत्र सांगणार होतं.

'एकानंही नाही,' असं तिनं सकाळी किती ऐटीत सांगितलं होतं. फुईनं ते ऐकून जेव म्हटलं होतं. तेजल आप्पांच्या शेजारी मातीत बसली, तिचे डोळे भरून आले.

"आप्पा, तुम्ही आज सभेत बोलाल?"

"मी?"

"माझ्या विरुद्ध."

आप्पांनी डब्याकडे बघितलं. "शेवभाजी आहे का त्यात?" त्यांनी विचारलं. "आधी जेवतो. उपाशीपोटी मला बोलता येणार नाही."

सभा बंधाऱ्याजवळच्या पत्र्याच्या मंडपात भरली. गर्दी लोटली होती. मंडपाच्या खांबांना हार होते, आणि मधल्या टेबलावर पाटकरीची एक पेटी आणि तिच्यासाठी शाल-श्रीफळ तयार ठेवलेलं होतं. यंत्राला शाल कशी पांघरायची, यावर मागच्या रांगेत गंभीर चर्चा चालू होती. फुई पहिल्या खुर्चीवर बसली होती, इस्त्रीची सुती साडी, मांडीवर पिशवी. काढून टाकल्यावर थेट घरी जाता यावं, अशी तयारी.

हेमराज नेरकर उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. पाटावरच्या मारामारीत त्यांच्या धाकट्या भावाचा हात कायमचा गेला होता, आणि ते दिवस पुन्हा बघायची त्यांची तयारी नव्हती.

"रत्नाबाई, आम्हाला हे करायची हौस नाही," ते म्हणाले. "अजून 'हो' म्हणा. ही शाल आधी तुम्हाला घालतो."

"शाल असू दे, हेमराज. उन्हाळा तोंडावर आला आहे," फुई म्हणाली. "मी 'नाही' म्हणते. तुम्ही मतं घ्या."

पाटाच्या क्रमानं गावांची नावं पुकारली गेली. वरखेड्याचं नाव वगळलं. दुसरं गाव म्हणालं, काढा. तिसरं म्हणालं, काढा. काही जणांनी फुईकडे न बघता म्हटलं, एक तर तिचा विद्यार्थी होता, तो चपलांकडे बघत म्हणाला. सात गावं झाली.

"तळवाडे," हेमराज म्हणाले.

तेजल उठली. मंडपात कुणी टाळ्याही वाजवायला लागलं होतं. तिनं फुईकडे पाहिलं. सकाळच्या गोष्टीतला ग्रॅकस या जागी येऊन मित्राच्या गळ्यात पडला होता. त्याला पाहिजे होतं ते एकच, की मित्रानं 'नाही' म्हणणं सोडावं. तेजलला आता ते नको होतं.

"तळवाडे म्हणतं, नाही," ती म्हणाली. "फुईंना काढायचं नाही."

क्षणभर लोकांना नीट कळलंच नाही. मग गलका झाला. हेमराज ओरडले, "तेजल, अगं तुझंच यंत्र आहे ते."

"माझं आहे म्हणून मला त्याची खोड माहीत आहे, काका. ते तुमच्या 'नाही'वर चालतं. तुम्ही नाही म्हणायचं सोडलंत, आणि ते आंधळं झालं. आज फुईंना काढलं तर या खोऱ्यातलं शेवटचं 'नाही' जाईल. मग ते चालत राहील, अहवाल छान देत राहील, आणि पाणी कुठं जातंय ते त्यालाही कळणार नाही आणि आपल्यालाही."

"उगाच काहीतरी," मागून कुणी म्हणालं. "कुणाची तक्रार आहे? एकाची तरी आहे का?"

तेजलनं मागे वळून बघितलं नाही. इथून पुढचं तिच्या हातात नव्हतं.

"माझी आहे," आप्पा म्हणाले.

ते खांबाचा आधार घेत उभे राहिले. तळवाड्याचे सुकलाल भामरे, पाटकरीचे आजोबाच जणू. त्यांना सगळं खोरं ओळखत होतं. "माझी लिंबोणी वाळली. दोन वर्षं वाळते आहे. पाटकरी ताण तोडत नाही. मी बोललो नाही, कारण यंत्र माझ्या पोरीचं आहे आणि पाणी सगळ्यांना मिळालं, आणि… मला बरं नाही वाटलं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "पण तक्रार आहे."

ते बसले. तेवढ्यात मंडपाच्या कडेला बसलेली डोंगरपाड्याची झेलीबाई पावरा उठली आणि म्हणाली की, आमच्या गुरांच्या हौदात पाणी भर दुपारी येतं, तेव्हा गुरं डोंगरावर असतात. संध्याकाळपर्यंत निम्मं आटतं. दानात मिळालेल्या गायीचे दात मोजत नाहीत, म्हणून आम्हीही मोजले नाहीत. तिच्यानंतर एक कांदेवाला उठला आणि म्हणाला, मला गरजेपेक्षा जास्त पाणी मिळतं, कांदा सडतो, पण मिळतंय ते नको कसं म्हणायचं. आप्पांनी त्याच्याकडे वळून बघितलं. हा त्यांचाच शेजारी होता. एकाचं वाळत होतं, एकाचं सडत होतं, मध्ये एक बांध, आणि दोघंही आभारापोटी गप्प.

मग मात्र बांध फुटला. लोकांची भांडायची सवय गेलेली होती. कुणी मध्येच अडखळायचं, कुणी विनाकारण ओरडायचं, दोघांनी तर एकमेकांची माफी मागत भांडण केलं. फुई मध्ये मध्ये शिक्षिकेच्या आवाजात "एकेकानं" म्हणत होती. टेबलावरची पेटी सगळं ऐकत होती. पाटकरीच्या खात्रीचा आकडा तेजलच्या फोनवर घसरत होता. एवढी वर्षं तो चढावा म्हणून तिनं रात्रीचा दिवस केला होता. आज तो घसरताना बघून तिच्या छातीवरचं ओझं हलकं होत गेलं.

ऊन कललं तेव्हा सभेनं ठरवलं. अधिकार मुदतीप्रमाणे आजच सभेकडे परत. पाटकरी राहील, पण सल्ला देईल. पाण्याची पाळी सभा ठरवेल. आणि पाटकरीनं गप्प बसण्याला होकार समजायचं नाही, गप्प असेल त्याला जाऊन विचारायचं. आठ हात वर झाले, नववा फुईचा. हेमराजांनी सवयीनं ध्वनिक्षेपकाकडे हात केला, "आता आभार…" आणि थांबले.

"आज नाही कोण म्हणालं?" फुईनं विचारलं.

सगळ्या माना तेजलकडे वळल्या. आठ गावांत एकटीच ती. रीत म्हणजे रीत.

तेजल उठली आणि सगळ्यांकडे वळली. मग ती म्हणाली, "मी फुईचे आभार मानते. तिनं मला वाढवलं, ते आभार वेगळे, ते घरी मानेन. तिला काढणार हे माहीत असून ती आज इथं आली, त्याचे मानते. आप्पांचे मानते. हेमराजकाकांचे मानते, त्यांना कुणाचा हात जायला नको होता. झेलीबाईंचे, आणि त्या कांदेवाल्या भाऊंचे, जे जास्त मिळतंय म्हणून तक्रार करायला उठले." मग ती फुईकडे बघून हसली. "रोममध्ये ऑक्टेव्हियस नावाचा एक माणूस होता. त्याचं म्हणणं बरोबर होतं की नाही, मला माहीत नाही. पण त्याला खाली ओढल्यावर त्याचे आभार मानायला कुणी थांबलं नाही. मी इथून मानते. सभा संपली."

मंडपातले अर्धे लोक एकमेकांना विचारत होते, हा ऑक्टेव्हियस कुठल्या गावचा?

बाहेर फुई पिशवी सावरत उभी होती. तेजल वाकून पाया पडायला गेली तर तिनं मध्येच धरलं. "आभार लांबले," ती म्हणाली. "आणि आता दहापैकी सात." पण तिनं तेजलचा हात सोडला नाही, बंधाऱ्यावरून रस्त्यापर्यंत धरूनच चालली.

संध्याकाळी आप्पा ओसरीवर बसले होते. आज त्यांनी तेजलला लिंबोणीतून फिरवून आणलं होतं, एकेका झाडाशी थांबत. निम्मी झाडं जगतील असं त्यांना वाटत होतं. इतक्यात त्यांचा फोन वाजला. पाटकरीनं विचारलं होतं: 'उद्या सकाळी लिंबोणीला भरपूर पाणी सोडू का?'

आप्पांनी चष्मा लावला. पुन्हा वाचलं. मग मुलीकडे चोरून बघितलं.

"सांगा," तेजल म्हणाली.

आप्पा फोन तोंडाजवळ नेऊन, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाले, "नाही. ताण तोडताना एकदम भरपूर द्यायचं नसतं. आधी हलकं दे. मग बघू."

मग पडद्यावर ते दोन शब्द उमटले, जे तेजलनं वर्षभरात पाहिले नव्हते.

'आभारी आहे.'